नृसिंहाची नखं आणि डॉक्टरांचे हात

"सांगा बरं, आपल्या पोखर्णीच्या नृसिंहानं हिरण्यकश्यपूला कशानं मारलं?"

हा प्रश्न विचारला की आमच्या घरातलं सगळ्यात धाकटं लेकरूसुद्धा ओरडतं, "नखांनी!" वैशाखातली नृसिंह जयंती आणि शाळेची सुट्टी मागंपुढंच येतात, तेव्हा पांगलेली नातवंडं गावी जमतात. देवळात जाऊन येतात आणि रात्री गच्चीवर अंथरुणं पडली की गोष्ट मागतात. देवाची गोष्ट त्यांना पाठच आहे. शस्त्रानं मरण नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही असा वर, मग खांबातून आलेला देव, तिन्हीसांजेची वेळ, उंबरठा, मांडी आणि नखं.

"पण पोट फाडल्यावर त्या नखांचं काय झालं?"

इथं मात्र सगळे गप्प होतात. गुरुचरित्रात त्याचं उत्तर आहे. दैत्याच्या पोटातलं कालकूट विष नखांना लागलं आणि देवाच्या बोटांची आग आग होऊ लागली. लक्ष्मीनं औदुंबराची फळं आणली, नृसिंहानं त्यांत नखं रोवली, तेव्हा कुठं दाह शमला. म्हणून उंबराला एवढा मान.

मी सांगतो ती गोष्टही नखांचीच, लेकरांनो. फक्त या गोष्टीतलं विष दिसत नाही, आग करत नाही, आणि ज्याच्या नखात ते असतं त्याला त्याचा पत्ताही नसतो. भोगावं लागतं समोरच्याला. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात गेली. आधी ड्रेसर होतो, मग थिएटरातला मदतनीस झालो. चाकू मी कधी चालवला नाही, पण चाकू धरणारे हात कसे धुतले जातात ते रोज पाहिलं. माणसाला वाचवण्याच्या कामात त्याहून मोठी करामत मला दिसली नाही, म्हणून ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते.

आधी आपल्या हाताकडं बघा. हा हात स्वच्छ दिसतो ना? त्यावर लाखो जंतू आहेत. भिऊ नका, त्यांतले बरेचसे आपलेच. जन्मापासून कातडीच्या सुरकुत्यांत, घामाच्या आणि तेलाच्या छिद्रांत ते राहतात, कुणाचं काही बिघडवत नाहीत, उलट बाहेरच्या वाईट जंतूंना तिथं बूड टेकू देत नाहीत. दुसरे असतात वाटेवरचे. दाराची कडी, गाईचं दावं, बसचा दांडा, आजारी माणसाची जखम, जिथं हात लागेल तिथून ते चिकटतात.

१९३८ साली फिलिप प्राइस नावाच्या अमेरिकी सर्जननं हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. त्यानं एकामागून एक तसराळी मांडली, प्रत्येकात ठरावीक वेळ हात घासून धुतले आणि प्रत्येक तसराळ्यातल्या पाण्यातले जंतू मोजले. वाटेवरचे जंतू लवकर निघून गेले. मुरलेले मात्र तसराळ्यामागून तसराळं बदललं तरी थोडेथोडे निघतच राहिले, संपले नाहीत. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली : माणसाचा हात उकळता येत नाही, म्हणून तो पूर्ण निर्जंतुक कधीच होत नाही. होतात ते जंतू कमी, खूप कमी. आणि हातावरचे सगळ्यात जास्त जंतू कुठं असतात? नखांखाली.

"मग आपण मरत कसे नाही, आजोबा?" थोरलीनं विचारलं.

कातडी शाबूत आहे म्हणून. ती फाटली की आत ऊब, ओल आणि पोटभर अन्न. काही जंतू अशा ठिकाणी वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. करा हिशोब : तासात आठ. आठ तासांत, सगळं त्यांच्या मनासारखं झालं तर, एकाचे एक कोटी सदुसष्ट लाख. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांना खात असतात म्हणून एवढी मजल सहसा जात नाही. पण सुरुवातीलाच जंतू जास्त पडले, किंवा माणूस अशक्त असला, साखरेचा आजार असला, तर लढाई उलटते. टाके लाल होतात, पू धरतो, ताप चढतो.

आता ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. एक दिवस या विभागात भरती, तर दुसऱ्या दिवशी त्या. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून जास्त बाळंतिणी तापानं गेल्या, दुसऱ्यात तीनही नाही. गावभर हे माहीत होतं. बाया पाया पडायच्या, आम्हाला सुइणींकडं घाला म्हणून. काही तर मुद्दाम उशीर करून रस्त्यातच बाळंत व्हायच्या, आणि त्यांना ताप कमी यायचा!

"म्हणजे शिकलेल्या डॉक्टरांकडं जास्त बाया मरायच्या?"

हो ना. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर तिथं होता, त्याची याच प्रश्नानं झोप उडाली. हवा म्हणावं तर दोन्हीकडं एकच. गर्दी म्हणावी तर सुइणींकडंच जास्त. शेवटच्या प्रार्थनेला पाद्री घंटी वाजवत वॉर्डातून जातो, त्या धसक्यानं बाया मरत असतील, म्हणून त्यानं पाद्र्याची वाट बदलून पाहिली. काही फरक पडला नाही. मग १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा मित्र कोलेच्का वारला. मृतदेहाची चिरफाड शिकवताना एका विद्यार्थ्याचा चाकू त्याच्या बोटाला लागला होता, एवढंच. त्याच्या शरीरात जे आढळलं ते थेट बाळंतिणींच्या शरीरात आढळायचं तसंच होतं.

इथं सेमेलवाइसला उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी मृतदेह चिरायचे आणि तिथून तसेच बाळंतिणीला तपासायला जायचे. सुइणी मृतदेहाला हात लावत नव्हत्या. त्यानं दारात तसराळं ठेवलं आणि हुकूम काढला : क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही. हा क्लोरीनचा चुना तुम्ही पाहिलाय. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस आपल्या विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर तीच. साबणानं धुऊनही हाताला मढ्याचा वास राहायचा, तो या पाण्यानं जायचा, म्हणून त्यानं ती निवडली. जंतू हा शब्दही त्याच्याजवळ नव्हता. तरी एप्रिलमध्ये शंभराला अठरा बाया जात होत्या, त्या जूनमध्ये दोनावर आल्या आणि जुलैत एकावर.

धाकट्याला वाटलं, आता त्याची मिरवणूक निघाली असेल. नाही निघाली. उलट मोठमोठे डॉक्टर चिडले. त्यांच्या जागी स्वतःला उभं करून बघा. जन्मभर बायांना वाचवायला धडपडलेल्या माणसाला कुणी म्हणालं, तुझ्याच हातांनी त्या मेल्या, तर ते मान्य करायला किती मोठं काळीज लागेल! सेमेलवाइसची नोकरी गेली, तो हंगेरीला परतला, पुढं पत्रांतून एकेका डॉक्टरला खुनी म्हणू लागला. माणसं आणखी दूर गेली. शेवटी १८६५ मध्ये त्याला व्हिएन्नाच्या वेड्यांच्या रुग्णालयात नेऊन ठेवलं आणि दोन आठवड्यांत, १३ ऑगस्टला, तो वारला. जखम चिघळली, विष रक्तात भिनलं. ज्या दुखण्याशी झगडला त्याच दुखण्यानं.

आणि आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ ला, तिकडं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रुग्णालयात अकरा वर्षांचा एक मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं, हाड मोडून कातडीतून बाहेर आलं होतं. त्या काळी असा पाय बहुधा सडायचा, म्हणून कापूनच टाकायचे. जोसेफ लिस्टर या सर्जननं कापला नाही. फ्रान्सच्या लुई पाश्चरनं दाखवलं होतं की पदार्थ नासतात ते हवेतून येणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळं. लिस्टरनं ताडलं, जखमही तशीच नासत असणार. एका गावात सांडपाण्याची घाण मारायला कार्बोलिक ॲसिड वापरतात हे त्याच्या कानावर होतं. त्यानं त्याच ॲसिडात भिजवलेलं फडकं जखमेवर ठेवलं. सहा आठवड्यांनी पोरगं आपल्या पायांनी चालत घरी गेलं. दोन शहरं, दोन माणसं, एका दिवसाचं अंतर. आमच्या थोरलीनं हे ऐकून विचारलं की त्या दोघांची भेट झाली असती तर? मलाही हा प्रश्न कित्येकदा पडलाय.

आपल्याकडं कुणी हे ओळखलंच नव्हतं असं समजू नका. सुश्रुतानं शल्यकर्म करणाऱ्यानं नखं आणि केस बारीक ठेवावेत, पांढरी वस्त्रं नेसावीत असं सांगितलंय. गुग्गुळ, मोहरी, कडुनिंब, तूप यांची धुरी जखमी माणसाच्या खोलीत द्यावी असंही. न दिसणाऱ्या राक्षसांपासून रक्षण म्हणून ती धुरी. राक्षस म्हणा की जंतू, न दिसणारं काहीतरी जखमेत शिरतं याची जाण त्यात आहे. पण ते काय, कुठून येतं आणि कशानं मरतं, हे मोजून दाखवण्याचं काम सूक्ष्मदर्शक आल्यावरच झालं.

आता मुंबईला चला, कारण पुढची गोष्ट परळच्या एका बाटलीची आहे, आणि मला ती सगळ्यांत जास्त शिकवून गेली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. सरकारनं वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या इवल्याशा जागेत त्यानं रात्रंदिवस खपून लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली टोचून घेतली ती स्वतःला. पुढं प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली आणि तिथून देशभर बाटल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात (ते आता पाकिस्तानात आहे) एका दिवसात १०७ माणसांना लस टोचली. काही दिवसांनी त्यांतल्या एकोणीस जणांचे जबडे आवळले, अंग धनुष्यासारखं ताणलं. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस दगावले. त्या दिवशी बऱ्याच बाटल्या उघडल्या होत्या, पण या सगळ्यांना लस मिळाली होती एकाच बाटलीतली. बाटलीवर क्रमांक होता ५३ एन.

हाफकिनवर आळ आला. त्यानं लसीत कार्बोलिक घालणं सोडून उष्णतेवर भिस्त ठेवली होती, तिथंच घाण झाली असणार, असं चौकशी करणाऱ्यांनी ठरवलं. त्याचं पद गेलं. पण साक्षींत एक बारीकशी गोष्ट होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्यानं तो कार्बोलिकच्या पाण्यात हलवून घेतला आणि तसाच बुचाला लावला. शिवाय बाटली उघडली तेव्हा लसीला कसलाही वास नव्हता. परळमध्येच धनुर्वाताचे जंतू शिरले असते, तर एवढ्या दिवसांत ते माजून घाण वास सुटला असता. मलेरिया डासांमुळं पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस आणि आणखी नावाजलेले शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूनं उभे राहिले. १९०७ मध्ये त्याच्यावरचा ठपका पुसला गेला, आणि १९२५ पासून परळच्या त्या संस्थेलाच हाफकिनचं नाव आहे.

"पण चिमटा तर त्यानं औषधात बुडवला होता ना?"

बुडवला होता, आणि इथंच निसर्गाची करामत बघा. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतो. आपल्या काळ्या रानात, गोठ्यात, उकिरड्यात, सगळीकडं. दिवस वाईट आले की तो स्वतःभोवती एक जाड कवच घेतो आणि बीजरूपानं पडून राहतो, वर्षानुवर्षं. ऊन लागलं, पाणी आटलं, तरी मरत नाही. कार्बोलिकची एक बुचकळी त्याला काहीच करत नाही. नुसत्या उकळत्या पाण्यालाही तो बराच वेळ दाद देत नाही. हवा नको असते त्याला, म्हणून काटा टोचल्याची खोल, बारीक भोकाची जखम त्याला भारी मानवते. बाभळीचा काटा पायात मोडला आणि वरून रक्तही आलं नाही, तर आपण हसण्यावारी नेतो, आणि नेमकी तीच जखम धोक्याची.

त्याला मारायला लागतो ऑटोक्लेव्ह. तुमच्या आईच्या कुकरचाच हा थोरला भाऊ. दाबाखाली वाफ कोंडली की तापमान शंभर अंशांवर थांबत नाही, एकशे एकवीसवर जातं. तिथं पंधरा-वीस मिनिटं धरलं की बीजाचं कवच टिकत नाही. आम्ही गॉज, गाऊन, टॉवेल स्टीलच्या ड्रममध्ये भरून त्यात ठेवायचो. ड्रमला बारीक भोकं असतात, वाफ शिरायला. बाहेर काढल्या काढल्या भोकं बंद करायची. ड्रमवरच्या चिकटपट्टीवर काळे पट्टे उमटले का ते बघायचं. आणि थिएटरात एक नियम देवाच्या आज्ञेसारखा : जे खाली पडलं ते अनस्टराइल. सोन्याचं असलं तरी. पुसायचं नाही, बुडवायचं नाही, वापरायचं नाही. नवीन आलेल्या पोरांना मी चिमट्याची ही गोष्ट सांगायचो, मग त्यांना नियम दोनदा सांगावा लागत नसे.

चिमटा वाफेत घालता येतो, हात घालता येत नाही. म्हणून हातांचं सगळं निराळं. थिएटरच्या बाहेर मोठं बेसिन असतं. त्याच्या नळाला लांब दांडा असतो, कोपरानं ढकलायचा, कारण धुतलेल्या बोटांनी नळ बंद केला तर धुतलं काय! आधी घड्याळ, अंगठी, कडं काढायचं. मनगटाला जत्रेतला लाल धागा असतो, तोही. ओला धागा जंतूंना मोठा आसरा. नखं बारीक कापलेली हवीत, वर रंग नको. वाहत्या पाण्याखाली काडीनं प्रत्येक नखाखालचं काढायचं. मग क्लोरहेक्सिडिनचा किंवा आयोडीनचा साबण. प्रत्येक बोटाला चार बाजू धरायच्या, बोटांची बेचकी, अंगठ्याचं मूळ, तळवा, मागची बाजू, मनगट, मग गोल गोल फिरवत कोपरापर्यंत. दोन ते पाच मिनिटं. अंगठा आणि बोटांची टोकं घाईत सुटतात, आणि जखमेत सगळ्यांत आधी तीच जातात.

आता नीट बघा, हात धुताना आणि धुतल्यावर ते कसे धरतात. कोपरं खाली, बोटं वर. पाणी बोटांकडून कोपराकडं ओघळून तिथून खाली पडलं पाहिजे. उलटं झालं तर कोपराचा मळ बोटांवर येणार. हात झटकायचे नाहीत. पाठीनं दार ढकलून आत यायचं. निर्जंतुक टॉवेलनं एकेक हात टिपायचा, बोटांकडून वर, परत खाली यायचं नाही. गाऊन, मग हातमोजे. त्यानंतर ते हात छाती आणि कंबर यांच्या मध्येच राहतात. नाकाला खाज आली तरी हात जात नाही. घाम आला तर सर्जन मान वळवतो आणि फ्लोअरची सिस्टर कापडानं कपाळ टिपते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला ते पूजेच्या सोवळ्यासारखं वाटलं होतं. पण हे सोवळं जातीपातीचं नाही, इथं सगळ्यांचे हात सारखेच ओवळे. डीन असो की शिकाऊ पोरगा, साबण तोच आणि मिनिटंही तेवढीच.

एकेकाळी ताठ ब्रशानं हात खसाखसा घासायचे. आता ब्रश कातडीवर चालवत नाहीत, कारण कातडी सोलवटली की उलट जास्त जंतू बाहेर पडतात. बऱ्याच ठिकाणी साबणाऐवजी अल्कोहोलचा द्राव चोळतात. फ्रान्समधल्या सहा शस्त्रक्रिया विभागांत चार हजारांवर ऑपरेशनांमध्ये दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, २००२ साली ते छापून आलं : जखम पिकण्याचं प्रमाण दोन्हीकडं अडीच टक्क्यांच्या आसपास, जवळपास सारखं. फक्त त्याआधी हात कोरडे आणि डोळ्यांना स्वच्छ दिसणारे हवेत. आणि गंमत अशी की शुद्ध अल्कोहोल जंतू मारायला तितकं कामाचं नाही. साठ ते ऐंशी टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी, हे मिश्रण भारी. जंतूच्या अंगातली प्रथिनं मोडायला पाणी लागतं. मात्र धनुर्वाताच्या त्या कवचधारी बीजाला अल्कोहोलही मारत नाही. त्याला साबण-पाण्यानं हातावरून धुऊनच काढावं लागतं. शेतातून आलात, हाताला माती आहे, आणि नुसतं सॅनिटायझर चोळलं, तर त्याचा उपयोग नाही.

"हातमोजे आहेत ना, मग एवढं धुवायचं कशाला?" थोरल्यानं बरोबर विचारलं. एक तर मोज्याला ऑपरेशनभरात न दिसणारी भोकं पडतात. दुसरं, मोज्याच्या आत ऊब आणि घाम. मुरलेले जंतू तिथं वाढू लागतात. म्हणून काही औषधं अशी निवडतात की ती धुतल्यावरही कातडीवर रेंगाळून जंतूंना वाढू देत नाहीत. आणि मोज्यांचा जन्म कसा झाला माहीत आहे? १८८९ च्या सुमाराला अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड या सर्जनच्या थिएटरातल्या परिचारिकेचे, कॅरोलाइन हॅम्प्टनचे, हात जंतुनाशकानं सोलून निघायचे. तिच्यासाठी त्यानं गुडइयर कंपनीकडून रबरी मोजे करून घेतले. मोजे आले ते तिचे हात वाचवायला. रोग्याचा जीव त्यांनी वाचतो हे नंतर ध्यानात आलं. तिच्याशी त्यानं लग्न केलं, हेही सांगून टाकतो, नाहीतर नाती मला झोपू देत नाहीत.

एवढं करूनही जागतिक आरोग्य संघटना सांगते की आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या सुमारे अकरा जणांची जखम पिकते. हे अकरा मला आकडे वाटत नाहीत. पुन्हा दवाखाना, पुन्हा औषध, बुडालेली मजुरी, गहाण पडलेलं मणी-डोरलं, हे सगळं मी वॉर्डात पाहिलंय. आणि यातलं बरंचसं टळण्यासारखं असतं.

टळतं हे आपल्या महाराष्ट्रानंच दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं. ऑपरेशन नाही, थिएटर नाही, झोपडीतली बाळंतपणं. त्या बाया हात धुऊन बाळाला घ्यायच्या, ऊब द्यायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून वेळेत उपचार करायच्या. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात त्याचा हिशोब आला : नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. एकट्या हात धुण्यानं हे झालं असं मी म्हणणार नाही, बाकीचंही सगळं त्यात आहे. पण न धुतलेल्या हातानं त्यातलं काहीही झालं नसतं. आपल्याकडंही पूर्वी नाळ विळ्यानं कापायची आणि वर राख नाहीतर शेण लावायचं. आठवड्याभराचं बाळ दूध ओढायचं थांबायचं, आकडी यायची, आणि दोष सटवाईच्या माथी जायचा. सटवाईचा काय दोष? शेणातलं ते बीज नाळेतून आत जायचं. लस, दवाखान्यातली बाळंतपणं, स्वच्छ हात आणि स्वच्छ पातं यांमुळं २०१५ मध्ये भारतातून बाळ-बाळंतिणींच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. उच्चाटन म्हणजे अगदी विरळ होणं. ते बीज अजून आपल्या मातीत आहेच.

एवढं ऐकून धाकट्यानं स्वतःची नखं चांदण्यात धरून पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, नेलकटर कुठंय?" मी म्हटलं, सकाळी. आता मोठ्यांनी ऐका.

घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं तर आदल्या रात्री घरी वस्तरा फिरवू नका. वस्तऱ्यानं कातडीला न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतू त्यांत घर करतात. केस काढायचेच असतील तर दवाखान्यात मशीननं काढतील. साबणानं स्वच्छ अंघोळ करून जा. साखर असेल, तंबाखू-बिडी असेल, तर लपवू नका. ऑपरेशन झाल्यावर भेटायला जायचं तर आधी हात धुवा, रोग्याच्या पलंगावर बसू नका, आणि पट्टीला, टाक्यांना हात लावू नका. मायेनं सुद्धा नाही. टाक्यांवर हळद, राख, अंगारा काही घालू नका. अंगारा कपाळाला लावा. जखम लाल झाली, ठणकू लागली, पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर गावात कुणाला विचारत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. टाके निघाल्यावरही महिनाभर लक्ष ठेवा. रानात काटा, खिळा, विळा लागला तर वाहत्या पाण्यात साबणानं जखम धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

आणि एक विचारायचं राहून जातं ते विचारा. सिस्टर, ब्रदर, डॉक्टर, कुणीही जखमेची पट्टी सोडायला आले, की हात जोडून म्हणा, "साहेब, हात धुतले ना?" चांगल्या माणसाला याचा राग येत नाही. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांतले खरे जाणते सर्जन हा प्रश्न स्वतःच शिकाऊ पोरांना विचारायचे आणि स्वतःलाही विचारू द्यायचे. परभणीला दाखवा, नांदेडला न्या, नाहीतर पुण्या-मुंबईला. खाट सरकारी असो की खासगी, हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. तेवढा विचारा.